पेट्रोल-डिझेलच्या टँकरची तोटी वारंवार टपकते? वायसर बदलण्याआधी हे बघा

डेपोच्या गेटवरून परत पाठवलेली गाडी माझ्यापुढं येऊन उभी राहते, तेव्हा ड्रायव्हरमामांचं निदान आधीच झालेलं असतं. "तोटी टपकतीया, वायसर टाका, लगेच निघतो." वायसर टाकला की टपकणं थांबतं, गाडी भरते, बार्शी-मंगळवेढ्याच्या काही खेपा होतात आणि पुन्हा तोच ओला ठिपका, तेच गेट. सोलापूरजवळच्या पाकणी डेपोच्या लायनीतला नंबर गेला की दिवस गेला, त्यामुळं मालक, ड्रायव्हर, किन्नर (क्लीनर) सगळ्यांनाच पाच मिनिटांचा इलाज हवा असतो. तो इलाजच दुखणं लांबवतो.

आधी रचना ध्यानात घ्या. वरून भरायच्या टँकरमध्ये प्रत्येक कप्प्याच्या तळाशी, टाकीच्या आतल्या बाजूला, फूट व्हॉल्व्ह असतो. त्याच्याखाली पाइप, पाइपच्या टोकाला तोटी म्हणजे फॉसेट, आणि तोटीच्या तोंडावर टोपी. गाडी भरताना फूट व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे भरलेल्या गाडीतसुद्धा खालचा पाइप कोरडा पाहिजे. मग तोटीपर्यंत माल आलाच कसा? वर फूट व्हॉल्व्ह सोडतोय किंवा उघडा राहिलाय, आणि खाली तोटीही धरत नाही. वायसर बदलून तुम्ही दुसरा दोष झाकता. पहिला टाकीत तसाच राहतो, आणि वाटेत तोटीला ट्रॉली घासली तर आख्खा कप्पा रस्त्यावर रिकामा व्हायला तेवढा पुरे.

हे सगळं पेट्रोल, डिझेल आणि इथेनॉलच्या बिनदाबाच्या टाक्यांसाठी आहे. एलपीजीचे बुलेट, अमोनिया, क्लोरीन, आम्लाचे रबर-अस्तराचे टँकर यांना यातलं काही लावू नका. दाबाच्या भांड्यांचे नियमही वेगळे आहेत आणि मिस्त्रीही.

लक्षणं ओळखा

टोपी काढल्यावर थोडा माल पडला आणि थांबला, तर तो पाइपात उरलेला असतो. टोपी काढून ठेवली तरी थेंबामागून थेंब येतच राहिला, तर माल वरून येतोय.

भरलेल्या गाडीची तोटी टपकते आणि कप्पा अर्धा झाला की थांबते. मालाची उंची जास्त तेवढा तळावर भार जास्त, म्हणून नुकता बिघडू लागलेला फूट व्हॉल्व्ह आधी भरल्या गाडीत बोलतो.

सकाळी कोरडी, दुपारी ओली. हे सोलापूरचं खास लक्षण, मार्च ते जूनमध्ये तर हमखास. कारण पुढं सांगतो.

टाकीच्या कुशीवरून वरून खाली ओघळ दिसतो, तोटी मात्र कोरडी. हा मॅनहोलच्या झाकणाचा मामला. डिझेलचा ओघळ धूळ धरून काळा होतो. पेट्रोल उडून जातं, पण धुळीत धुतल्यासारखा पट्टा सोडतं. इथेनॉल काहीच मागं ठेवत नाही, फक्त तिथला रंग मऊ पडतो किंवा पापुद्रा सुटतो.

थेंब कुठंच नाही, पण उन्हात वास येतो. व्हेंट (टाकीची हवा आत-बाहेर करणारी वरची झडप) किंवा झाकण बघा.

पंपावर डिप (रॉड बुडवून मोजलेली मालाची उंची) कमी भरली एवढ्यावरून गळती ठरवू नका. पेट्रोल एका अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं-आकसतं. भर दुपारी भरलेलं १२,००० लिटर पेट्रोल रात्रीपर्यंत पाच अंशांनी उतरलं, तर साठ लिटरच्या आसपास फरक नुसत्या तापमानाचा असतो. घनता १५ अंशांवर आणून का बघतात ते यासाठीच. किती ड्रायव्हरांनी यापायी मालकाच्या शिव्या खाल्ल्यात ते विचारू नका.

हात लावण्याआधी

भरलेली गाडी गळताना दिसली तर रस्त्याकडेला उभं राहून पाना चालवायचा नाही. इंजिन बंद, बॅटरीचा मास्टर स्विच बंद, मोबाइल लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत गटार, खड्डा, ढाब्याची भट्टी शोधत जाते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेटते.

रिकामी टाकी सुरक्षित असते असं अजूनही कैक जण धरून चालतात. भरल्या टाकीत वाफेला हवा कमी मिळते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही भरपूर, म्हणून रिकामी जास्त घातकी. इथेनॉलचा आणखी एक दगा आहे: दिवसा त्याची ज्योत धड दिसत नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीवरून इथेनॉल उचलणाऱ्यांनी हेही विचारून ठेवावं की उतरवण्याच्या जागी अल्कोहोलला टिकणारा फोम आहे का. साधा फोम इथेनॉलवर विरघळून जातो.

१. पुसा, थांबा, बघा

खर्च शून्य. सुती फडक्यानं तोटी, जोड, फ्लँज कोरडे करा आणि गाडी सपाट जागी उभी ठेवा. डिझेलच्या गाडीत जोडावर खडूची पूड भुरभुरा, ओल जिथून निघते तिथं आधी डाग उमटतो. हे करायचं कारण साधं आहे. चालत्या गाडीत वारा थेंबाला मागं नेतो, त्यामुळं ओलं दिसतं एकीकडं आणि गळत असतं दुसरीकडं. गाडीची स्वतःची डिझेल टाकी, तिचा रिटर्न पाइप, कधी धुतल्याचं पाणी यांनाही लोकांनी तोटीची गळती म्हणून आणलंय.

२. बंद करण्याचा क्रम

निम्मी प्रकरणं इथंच मिटतात, म्हणून इथं जरा थांबतो.

पंपावर माल उतरला की घाईत आधी हाताशी असलेली तोटी बंद केली जाते, टोपी लागते आणि फूट व्हॉल्व्हचा दांडा तसाच राहतो. पुढच्या वेळी गाडी भरताना माल सरळ पाइपात उतरतो आणि सगळा भार एकट्या तोटीवर येतो. ब्रेक मारला की आतला माल पुढं धडकतो, तो धक्काही तिलाच. अशा तोटीत कितीही चांगला वायसर टाका, टिकणार नाही.

याउलट कधी दोन्ही बंद असतात, पण मधला पाइप मालानं काठोकाठ भरलेला असतो. बाहेर ४२-४३ अंश ऊन, त्यात लोखंडी पाइप. कोंडलेल्या मालाला फुगायला जागा नसली तर तापमान एका अंशानं वाढलं तरी पाइपातला दाब आठ-दहा बारपर्यंत चढू शकतो. काही फूट व्हॉल्व्ह खालून दाब आला की जरासे उचलले जातात आणि तो टाकीत सोडतात, सगळे नाही. जिथं वाट नाही तिथं दाब तोटीच्या वायसरमधून रस्ता काढतो. सकाळी कोरडी, दुपारी ओली ती यामुळं.

तेव्हा माल उतरून झाल्यावर आधी फूट व्हॉल्व्ह बंद, मग पाइपातला उरलेला माल होजमधून पंपाच्या टाकीत पूर्ण उतरू द्यायचा, मग तोटी, शेवटी टोपी. गाडी भरण्याआधी परत एकदा दांडे बघायचे. तळातून भरायच्या गाड्यांमध्ये पाइप भरलेला राहतो, तिथं हा हिशेब वेगळा; बनवणाऱ्यानं दिलेला क्रमच पाळा.

३. टोपी आणि तिचा वायसर

टोपीची साखळी तुटलेली, आटे खाल्लेले, वायसर चिरलेला असेल तर बदला. स्वस्तातलं काम आहे. पण जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापलेला वायसर नको. ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, पहिल्या दिवशी घट्ट बसतं आणि मग लोळागोळा होतं. आणि टोपी म्हणजे धूळ अडवायची शेवटची सोय. टोपी आवळून टपकणं थांबवलं, तर आत माल साठतोय एवढंच त्याचा अर्थ होतो.

४. दांडा, तार आणि वितळणारी कडी

दांडा "बंद"वर आहे म्हणून व्हॉल्व्ह बंद आहे असं नाही. मधे तार किंवा सळई असते. ती गंजते, धुळीनं अडकते, कधी कुणी इतकी ताणून बांधलेली असते की व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही. दांडा बंद केल्यावर तारेत थोडी ढील राहिली पाहिजे. नसेल तर व्हॉल्व्ह जरासा उघडा टांगून राहिलाय. बाहेरून तार साफ करणं, वंगण देणं, ढील बघणं एवढं गॅरेजवर होतं.

याच जोडणीत एक कडी अशी असते की आग लागली तर ती वितळते आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. ती तुटली की तिच्या जागी बायंडिंग वायर गुंडाळलेली मी बघितली आहे, आणि एकदा नाही. वायर वितळत नाही. म्हणजे आगीत व्हॉल्व्ह उघडाच राहणार आणि आगीला माल पुरवत राहणार. ही वायर दिसली की बाकीची तपासणी राहू द्या, आधी खरी कडी बसवून घ्या. तोवर गाडी भरायची नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

५. फूट व्हॉल्व्ह धरतो का

ही परीक्षा रस्त्यावर करायची नाही आणि सील असलेल्या गाडीवर तर मुळीच नाही. इथेनॉलच्या गाडीला कारखान्यातून निघताना सील लागतं; वाटेत ते तोडलं तर गळतीपेक्षा मोठं प्रकरण गळ्यात पडतं.

योग्य वेळ पंपावरची. गाडी स्थिरावली, अर्थिंगची तार लावली, सील रीतसर निघालं, घनतेसाठी नमुना घ्यायचा आहे. तेव्हा फूट व्हॉल्व्ह बंद असतानाच, अर्थिंगला जोडलेली धातूची बादली तोटीखाली धरून तोटी हळू उघडा. प्लास्टिकची बादली नको, तिच्यावर स्थिर वीज साठते. पाइपातलं आधीचं काही असेल ते पडेल. त्यानंतर थेंब थांबला तर फूट व्हॉल्व्ह ठीक, दोष तोटीत. थांबला नाही तर फूट व्हॉल्व्ह सोडतोय. हे प्रत्येक कप्प्याला वेगळं करा आणि कप्प्याचा नंबर लिहून ठेवा. "मागचा कुठला तरी" एवढ्यावर मिस्त्री चारही उघडतो आणि चारांचे पैसे लावतो.

सोडत असेल तरी लगेच खचू नका. बसायच्या जागेवर वाळू, गंजाचा पापुद्रा, गॅस्केटचा तुकडा अडकला तरी असंच होतं. माल उतरत असताना फूट व्हॉल्व्ह काही वेळा पूर्ण उघडून-मिटून घ्या, वाहता माल जागा धुतो. पुन्हा परीक्षा घ्या. आधी वर्षानुवर्षं डिझेल वाहिलेली टाकी इथेनॉलला लावली की हे जास्त होतं, कारण जुना थर आणि गंज इथेनॉल सोडवून खाली आणतं. धुऊनही सोडत असेल तर पुढचं काम तुमचं नाही, माझंही नाही. खाली लिहितो.

६. तोटीचं पॅकिंग, मग वरचं झाकण

फूट व्हॉल्व्ह पास झाला असेल तरच तोटी खोला, तीही टाकी रिकामी असताना, कप्पा आणि पाइप पूर्ण निथळल्यावर, उघड्या हवेत आणि पितळी हत्यारानं. आत चकतीवर ओरखडा असेल तर नवा वायसर आठवडाभर फसवेल आणि पुन्हा टपकेल. चकतीसकट तोटी बदला.

वायसर आणि गॅस्केट घेताना दुकानदाराला "पेट्रोलचं द्या" एवढंच सांगू नका. नायट्राइल रबर पेट्रोल-डिझेलला चालतं. इथेनॉल त्यातला मऊपणा काढून घेतं आणि मग ते वाळलं की आपल्या कडक भाकरीसारखं होतं, बोटानं दाबलं तर तडकतं. इथेनॉलला चालणारं ईपीडीएम रबर पेट्रोलमध्ये फुगून जातं. एकच गाडी कधी इथेनॉल, कधी पेट्रोल अशी फिरत असेल तर पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) पॅकिंग महाग असलं तरी तेच घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्येही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळं जुन्या सवयीचं पॅकिंग पूर्वीइतकं टिकत नाही ही तक्रार खरी आहे.

मॅनहोलच्या झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं गोल फिरत आवळले तर झाकण कललेलं बसतं आणि गॅस्केट एकीकडं चिरडतं. पाइप अडकवून जोर लावायचा नाही. वर चढताना रेलिंग उभी करा. टँकरवरून पडून मोडलेली माणसं गळतीनं भाजलेल्यांपेक्षा मी जास्त बघितली आहेत.

७. व्हेंट

याच्या जाळीत धूळ बसते आणि कुंभारमाशी मातीचं घर करते. उभ्या राहिलेल्या गाडीत तर नक्कीच. व्हेंट तुंबला की उन्हात टाकीत दाब चढतो आणि तो झाकणाच्या, डिप पाइपच्या फटीतून बाहेर येतो. माणसं झाकण बदलत बसतात. खूण अशी: रिकाम्या गाडीचं झाकण सैल करताना फुस्स आवाज येतो, किंवा माल नेहमीपेक्षा हळू उतरतो. उतरवताना हवा आत गेली नाही तर टाकीचा पत्रा आत ओढला जाऊ शकतो.

जाळी बाहेरून साफ करा. स्प्रिंगला हात लावू नका. आणि वास येतो म्हणून व्हेंटवर चिंधी बांधणाऱ्याला पुन्हा टँकरजवळ येऊ देऊ नका.

इथं थांबा

टाकीच्या पत्र्यातून, वेल्डातून किंवा चासीच्या बैठकीपाशी ओल झिरपत असेल तर एम-सील, साबण, चिकटपट्टी काही लावायचं नाही. धुऊनही माल सोडणारा फूट व्हॉल्व्ह, व्हेंटचा दाब बदलणं, टाकीत उतरणं, वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग ही सगळी कामं टाकी पूर्ण रिकामी, वाफमुक्त आणि सक्षम माणसाकडून तपासून दाखला मिळाल्यावरच होतात. "पाण्यानं धुतली, आता वास येत नाही" हा दाखला नव्हे. नाकाला वास मेला तरी कोपऱ्यात, पाइपात, दुहेरी पत्र्यात माल राहतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची वाफ होते. टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून पडलेल्याला काढायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही. काम झाल्यावर टाकी कोरडी करून घ्या; पाणी राहिलं तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यात फाटतं आणि पुढचा आख्खा माल वाया जातो.

टाकीच्या आकाराला, डिप पाइपला किंवा डिप रॉडला धक्का लागणारं कुठलंही काम वैधमापन शास्त्र विभागाकडून पुन्हा कॅलिब्रेशन मागतं. टाकीच्या रचनेत बदल असेल तर पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या) परवान्याचा विषय येतो. ज्याला आपण अजून एक्स्प्लोझिव्हचं लायसन म्हणतो तेच हे, मुख्य कार्यालय नागपूरला. मान्यताप्राप्त कारखान्यातच काम करून घ्या आणि कागद जपा.

वाटेत धार लागली, थेंब नव्हे, तर दुरुस्तीचा विचारच सोडा. शक्य असेल तर वस्तीपासून लांब उभं राहा, फूट व्हॉल्व्हचा आपत्कालीन दांडा ओढा, माणसं आणि वाहनं लांब थांबवा, ११२ किंवा १०१ लावा. फोन गाडीपासून लांब जाऊन. सांगताना गाडीच्या पाटीवरचा यूएन क्रमांक वाचा: पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, इथेनॉल ११७०. पाटी दोन्ही कुशींवर आणि मागं अशी तीन ठिकाणी असते. चिखलानं झाकलेली असेल तर गेटवर अडवतात आणि बरोबर अडवतात. केबिनमधलं ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि उपाय लिहिलेलं कार्ड) बंबवाल्यांच्या हातात द्या.

मिस्त्रीकडं गाडी नेताना एवढं लिहून न्या: कप्प्याचा नंबर, शेवटचा माल कोणता होता, टपकणं भरल्या गाडीत की अर्ध्या, सकाळी की दुपारी, बादलीची परीक्षा केली तेव्हा थेंब थांबला की नाही, आणि मागचा वायसर कधी व कसला टाकला.